अर्धा भात राहणाऱ्याचा

मी गाव सोडलं त्या सकाळी आई वरच्या कुंडाच्या काठावर उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात सुंभाची दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, खाली कढत पाण्यात, पांढऱ्या फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ. मी बाजूला उभी. अंगात पुण्याहून घेतलेला नवा ड्रेस आणि जिवाला एकच घोर, की कुंडाचा गंधकाचा वास ड्रेसला लागला तर विमानात शेजारचा माणूस नाक मुरडेल. आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग आणि माझ्या डोक्यात काय, तर ड्रेस!

तुमच्यातले जे गावातच राहिलेत त्यांना आमचं कुंड सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडलेत आणि दुसऱ्या गावचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव दापोलीच्या आतल्या अंगाला. गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. खालच्या कुंडांत आंघोळी होतात, वरच्यात हात घालायची कोणाची टाप नाही. पूर्वी आमच्याकडचे पुरुष बोटीवर कामाला जायचे, तेव्हापासूनची रीत अशी की जो समुद्र ओलांडून दुसऱ्या पाण्यावर जाणार, त्याच्या नावाचे तांदूळ वरच्या कुंडात सोडायचे आणि घरी राहणाऱ्याने दोरी धरायची. तांदूळ रात्रभर भिजवले तरी तिथे पुरते शिजत नाहीत, कणी राहतेच. तसाच तो भात वर काढायचा, अर्धा जाणाऱ्याने खायचा, अर्धा राहणाऱ्याने. मीठ नाही, दूध नाही, काही नाही.

मी माझा अर्धा भराभरा गिळला, कारण जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि मंदार, माझा नवरा, घड्याळ बघत होता. "दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे आई, गेलो आणि आलो," असं तो तिला तिसऱ्यांदा सांगत होता. आईने तिचा अर्धा काही तोंडात घातला नाही. फडक्याला परत गाठ मारली आणि पुरचुंडी कनवटीला खोचली.

"खा ना गं," मी म्हटलं.

"खाईन मागाहून. तू नीघ. गाडी खोळंबलीय."

झालं. त्यानंतर काही वर्षांनी माझी धाकटी बहीण वैजू अमेरिकेला निघाली. मी त्यासाठी मुद्दाम दोह्याहून रजा काढून आले होते. तेच कुंड, तीच दोरी. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईने वैजूचा अर्धा भात तिथल्या तिथे खाल्ला. शेवटचं शीतसुद्धा बोटाने निपटून. मग पदर तोंडाला लावून रडली. सगळा गाव तिला सावरायला धावला. मी एकटी मागे उभी राहून मनात म्हणत होते, माझ्या वेळी एक घास उतरला नाही हिच्या घशाखाली, आणि वैजूच्या वेळी बघा! त्या दिवसापासून मी जळतेय. लपवून काय उपयोग? ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

आणि जळायला ते एकच कारण नाही. अमेरिकेला गेलेली आणि आखातात गेलेली यांत गावाच्या लेखी केवढं अंतर असतं ते आखातातल्यांनाच विचारा. गावात मी अजून 'दुबईची' आहे. मी सांगते, काकू, दोहा, कतार. त्या म्हणतात, "तेच ते गो." मी गेले की विचारतात खजूर आणलास का, गुडघ्याला लावायचं ते मलम आणलंस का. वैजू गेली की ओटीवर सतरंजी पडते आणि तिला विचारतात, "तिकडे बर्फ पडतं तेव्हा कसं गो करता?" माझ्याकडच्या उन्हाची चौकशी आजवर एकाने केलेली नाही. जवळचं ते स्वस्त आणि दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

आईचंही तेच. इतक्या वर्षांत ती दोह्याला एकदा आली नाही. पहिल्यांदा आम्ही अल नस्रला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये होतो. तेव्हा मीच म्हटलं, कुठे झोपवू तिला? पुढे मदिनत खलीफाला व्हिलाचा एक तुकडा भाड्याने घेतला, तोही आईसाठी एक खोली हवी म्हणून. खोलीला पडदे लावले, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घेतली. आणि दर वर्षी आईचं नवं कारण. एकदा गुडघा, एकदा आंब्याचं आवरायचंय, एकदा गाय व्यालीय, एकदा गणपती जवळ आलेत. "येईन गो, कुठे पळून जातेय?" त्या खोलीत आता इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो आणि ईराची, आमच्या मुलीची, जुनी सायकल. तरी आम्ही तिला 'आईची खोली' म्हणतो. ईरासुद्धा मैत्रिणींना सांगते, "दॅट्स आज्जीज रूम."

तर मागच्या वर्षी वैजूचा मेसेज आला. तिने फॅमिलीचा नवा ग्रुप काढला होता, नाव 'मिशन यलोस्टोन'. खाली लिहिलं होतं की आईचा अमेरिकेचा व्हिसा झाला, पुढच्या वर्षी जूनमध्ये ती सिएटलला येतेय, ताई तुम्हीही या, सगळे मिळून यलोस्टोन बघू, गरम कुंडं, तळी, रानरेडे सगळं, इट्स माय चाइल्डहुड ड्रीम.

हिचं चाइल्डहुड ड्रीम! माझा तिळपापड झाला. ते चित्र कोणाचं होतं? मी सातवीत असताना वाण्याकडून शेंगदाण्यांचा पुडा आला होता, कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या पानाचा. पानावर एक कुंड. मधे गडद निळं, भोवती हिरवं, मग पिवळं, मग काठाला केशरी, आणि वर वाफ. एका कोपऱ्यात तेलाचा डाग. मी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. वैजू तेव्हा एवढीशी. तिने विचारलं हे काय, तर मी सांगितलं, ही आपल्या कुंडाची मोठी बहीण, अमेरिकेत दिलेली. मी मोठी झाले की हिला भेटायला जाणार. म्हणजे स्वप्न माझं, पान माझं, गोष्टही माझी. आणि नाव कोणाचं लागलं?

पण मंडळी, मी भांडले नाही. मी प्लॅनिंगला लागले. म्हटलं हिला दाखवते. यलोस्टोनच्या उद्यानातली राहायची ठिकाणं फार आधी भरतात, म्हणून मी महिनोन्‌महिने आधीच मोबाइलला डोळे लावून बसले आणि तळ्याकाठच्या खोल्या मिळवल्या. कुठल्या वाटेने आत शिरायचं, कुठे आईला कमी चालावं लागेल, कुठे लाकडी पायवाट आहे, कुठे बसायला बाक आहेत, सगळं मला तोंडपाठ. तळ्याच्या अगदी काठाशी गरम कुंडं आहेत, एक तर पाण्यातच आहे. पूर्वी लोक तळ्यात मासा पकडायचे आणि गळालाच ठेवून त्या कुंडात बुडवून शिजवायचे, हेही मी शोधून काढलं. आता तसं करायला सक्त मनाई आहे. मंदार म्हणायचा, "अगं, तू गेली नाहीस तरी चालेल, तुला सगळं माहीतच आहे."

जीभ काळी असते म्हणतात ती अशी. मंदार उत्तरेकडच्या गॅस प्लांटवर आहे. रजेचा अर्ज टाकला तेव्हा त्याचा मॅनेजर म्हणाला होता, इन्शाल्ला. इथे ज्यांनी दिवस काढलेत त्यांना या शब्दाचा अर्थ कळतो. मे महिन्यात शटडाउनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, तारखा पुढे सरकल्या आणि जून सगळा त्यात गेला. सगळ्यांच्या रजा खलास. मी एकटीने ईराला घेऊन जावं म्हटलं, तर आमच्या दोघींच्या अमेरिकेच्या व्हिसाला तारीखच मिळेना. मंदारचा कामाच्या निमित्ताने आधीच झालेला, आणि तो जाऊ शकत नाही! वैजूने ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग टाकली आणि लगेच खाली विचारलं, "ताई, तुझ्या नावावरच्या खोल्या माझ्या नावावर करून देशील ना?"

दिल्या करून. काय करणार? तळ्याकाठच्या, खिडकीतून वाफ दिसणाऱ्या.

त्यानंतर कळलं की आईचं विमान मुंबईहून व्हाया दोहा आहे. दोह्याला उतरणार, व्हीलचेअरवरून दुसऱ्या गेटला नेणार आणि तिथून सिएटल. म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर माझी आई खुर्चीत बसून असणार आणि मी घरात भेंडी चिरत असणार. मी वैजूला म्हटलं, दोन-चार दिवस माझ्याकडे उतरव तिला, व्हिसाचं मी बघते. तर म्हणे, "ताई, तिची उगाच दगदग होईल गं. परतताना बघू."

मग त्या शुक्रवारी तिघींचा व्हिडिओ कॉल झाला. माझी दुपार, वैजूची पहाट, आईकडे दिवेलागण. आई दादाचा, गावी असलेल्या आमच्या भावाचा, फोन नेहमीप्रमाणे इतका जवळ धरून की आम्हाला तिचं कपाळच दिसत होतं. तिने विचारलं, "वैजू, तिकडच्या कुंडात भात सोडता येईल ना गो? मी तांदूळ नि दोरी घेत्ये. कुंडावर रिकाम्या हाताने जायचं नसतं."

वैजू खुर्चीतून उडालीच. "आई! अजिबात नाही हं! तिथे खडासुद्धा टाकायचा नाही. रेंजर असतात, धरून नेतील."

"भात शिजवला म्हणून धरतात?" आईला काही केल्या पटेना.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, पूर्वी तिथे लोक मासे शिजवायचे."

"बघ! मासे चालतात नि भात चालत नाही?"

"ताई, प्लीज, तू तिला पेटवू नकोस," वैजू म्हणाली. "तू येणार नाहीयेस, मला निस्तरावं लागणार आहे."

तू येणार नाहीयेस. बस्स, तिथे माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, हो, मी नाहीच येणार, आणि आई माझ्याकडे नाहीच येणार. माझ्या दारावरून जाईल पण आत पाऊल टाकणार नाही. हिच्यासाठी सातासमुद्रापार, आणि माझ्यासाठी गाय व्यालीय. माझ्या नावाचा भातसुद्धा खाल्ला नाहीस तू, आई. हिचा खाल्लास. मी बघितलंय. माझा कुठे टाकलास, गाईला घातलास?

ईरा दारात येऊन उभी राहिली होती. फोनवर आईचं कपाळ तेवढं दिसत होतं, आणि त्या कपाळावरून काही कळत नव्हतं.

मग आई म्हणाली, "टाकत्ये कशाला? वाळवून ठेवलाय. डबीत आहे." मग फोन आणखीच जवळ आणला. "बरं, एवढं तुझ्या मनात आहे तर घेऊनच येत्ये. उतरत्ये तुझ्याकडे चार दिवस. तुझ्या पुढ्यात बसून खात्ये. मग तर झालं?"

वैजू तिकिटाचं काहीतरी बोलत राहिली. मी ऐकतच नव्हते. मी जिंकले होते. कॉल संपल्यावर मी आईच्या खोलीतला इस्त्रीचा ढीग उचलला, सायकल गच्चीवर नेऊन ठेवली आणि पडदे धुवायला काढले. यल्ला, चल ईरा, चादर धर, म्हटलं. ईरा म्हणाली, "मम्मा, आर यू क्राइंग ऑर हॅपी?" मी म्हटलं, दोन्ही, तू चादर धर.

आई आली. जूनच्या दोह्यात, नऊवारी नेसून, पायात वैजूने सांगितलेले स्पोर्ट्स शूज. घरात शिरल्यावर आधी देव्हारा बघितला, मग स्वयंपाकघर, मग तिची खोली, दांडी हलवून बघितली. हात धुवायला बेसिनपाशी गेली, गार पाण्याचा नळ सोडला आणि ओरडली, "अगो बाय! पोळले!"

आखातातल्या लोकांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात आमच्या टाक्या गच्चीवर तापतात आणि गार नळाला कढत पाणी येतं. म्हणून आम्ही गिझर बंद ठेवतो आणि गिझरमधलं पाणी गार म्हणून वापरतो. हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती पोट धरधरून हसली. "गार पाण्यासाठी गिझर? आणि एवढ्या वर्षांत बोलली नाहीस तुझ्याकडे कुंड आहे ते!" मग तिने परत नळाखाली बोटं धरली, लगेच काढली, वास घेतला. म्हणाली, "गंधक तेवढा नाही." मी इतक्या वर्षांत त्या नळाला शिव्या घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून डबी काढली. आत ते फडकं, पिवळं पडलेलं, आणि त्यात माझा भात. कुरडईच्या तुकड्यांसारखा कडक झालेला. तिने तो वाटीत घातला आणि वाटी गार नळाखाली धरली. वाफ आली. मग वाटी घेऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि शितं मऊ व्हायची वाट बघत राहिली. मी समोर ओट्याला टेकून उभी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले ते आता होणार होतं, म्हणून मी सहज विचारलं, "तेव्हाच का नाही गं खाल्लास?"

"राहणाऱ्याने खाल्ला की पाठवणी पुरी होते," आई म्हणाली. "मग ते माणूस गेलं असं धरायचं. वाट बघायची नाही. आलं तर पाहुणं म्हणून यायचं. जावईबापू म्हणाले दोन वर्षं. म्हटलं, दोन वर्षांसाठी कशाला पुरी करायची? ठेवला. मग तुमची आणखी दोन झाली. मग आणखी. दर वेळी तू म्हणायचीस, आई, पुढच्या वर्षी नक्की."

हे खरं आहे. इथे आपण सगळेच असं म्हणतो. आरपी, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरीला बांधलेली, नोकरी गेली की सामान बांधायचं, म्हणून इथे कोणी मुळं धरत नाही. चांगला सोफा घ्यायचा तरी म्हणतो, कशाला, पुढच्या वर्षी जायचंच आहे.

"आणि वैजूचा?"

"ती जातानाच सांगून गेली, आता तिकडेच. मग ठेवायचा कशाला? खाल्ला. तू बघितलंस ना किती रडले ते."

मी विचारलं, "आणि इथे येत नव्हतीस ते?"

"तुझं घर बघितलं असतं तर खावाच लागला असता गो." तिने वाटीत बोट घालून बघितलं. "आता बघितलं. चांगलं आहे. देवांना पूर्वेची भिंत दिलीयस. माझ्यासाठी दांडी लावलीयस. इथे तुझं सगळं आहे. आता नाही म्हणण्यात काय अर्थ? घे, झाला मऊ."

तिने बोटांत घास उचलला आणि मी तिच्यापुढे खाली बसून तिचं मनगट धरलं.

"नको."

"आता गो! एवढी भांडलीस, मधेच विमानातून उतरवलंस मला, आणि आता नको?"

"नको ना खाऊस, आई. राहू दे. ठेव तसाच." मी मनगट सोडलं नाही. मी मोठ्याने रडत होते, चांगली चाळिशी ओलांडलेली बाई, आणि माझी मुलगी फ्रिजपाशी उभी राहून बघत होती. आईने घास परत वाटीत टाकला. मग डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वेडी ती वेडी. ऊठ, ताटली दे. परत वाळवायला हवा."

भात ताटलीत पसरून मी गच्चीवर नेऊन ठेवला. चहा होईस्तोवर कडक वाळला. "तुमच्या उन्हाला तोड नाही हं," आईने सर्टिफिकेट दिलं. माझ्याकडच्या उन्हाचं एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं. मग तिने फडक्याला गाठ मारली आणि डबी पिशवीच्या तळाशी ठेवली. सिएटलला जाऊन मग घरी परत न्यायला.

काल यलोस्टोनहून फोटो आला. आई लाकडी पायवाटेवर उभी, नऊवारीवर वैजूचं जॅकेट, आणि मागे ते कुंड. मधे निळं, मग हिरवं, पिवळं, केशरी. माझंच पान, फक्त तेलाचा डाग नाही. वैजूने आईच्या खांद्यावर हात टाकलेला. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? मी शोधलेली वाट, मी मिळवलेली खोली, आणि त्या वाफेत हसणारी माझी आई दुसरीच्या मिठीत. मी तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला आणि जेवढं जळायचं तेवढं जळून घेतलं.

तुम्ही राहिलेले आणि तुम्ही गेलेले, सगळेच कधीतरी विचारता, तुझं घर नक्की कुठलं? आजवर मी गोलगोल उत्तर द्यायचे. आता सांगते. मदिनत खलीफातल्या या घरात मी राहते, भांडते, भेंडी चिरते, आणि कंपनी जा म्हणेल त्या दिवशी हे रिकामं करीन. पण आईच्या पिशवीच्या तळाशी एक डबी आहे, दापोलीच्या आत आमच्या घरातल्या फळीवर परत जायची, आणि ती आहे तोवर मी गेलेले नाही.

फोटोपाठोपाठ वैजूचा व्हॉइस मेसेज आला. वाऱ्याचा आवाज फार होता, तरी शब्द कळले. "ताई, आई सांगत होती, तुझा भात तिने अजून ठेवलाय. परत घेऊन चाललीय म्हणे." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "माझा का गं खाल्ला तिने?"

मी तो मेसेज पुन्हा ऐकला. काय सांगायचं ते मला माहीत होतं, आणि सांगीनही, धाकटी आहे माझी. पण लगेच नाही. संध्याकाळपर्यंत जळू दे जरा तिलाही.